बुणग्यातल्या बाईचं लुगडं: काम कुठवर आलं

मागच्या वेळी नुसतं कोरं कापड दाखवलं होतं. आता लुगडं रंगवून झालंय (म्हणजे रंग बिघडवून झालाय), चोळी अर्धी शिवलीय, आणि एकदा नेसून चालूनही पाहिलंय.

नव्यांसाठी थोडक्यात. मी तयार करतेय तो पेशव्यांच्या फौजेमागून चालणाऱ्या बुणग्यांतल्या, म्हणजे न लढणाऱ्या लोकांतल्या, एका दळणवालीचा वेश, साल 1760. तलवारवाली बाई नाही, सरदारीणही नाही. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना ती शिवजयंतीच्या चित्ररथावर हवी होती. मी नको म्हटलं. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांच्या बखरीत स्पष्ट लिहिलंय की महाराजांच्या लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नेण्याची बंदी होती आणि मोडेल त्याची गर्दन मारायची. दसऱ्याला निघायचं, आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणीला परत. असल्या फौजेत माझी दळणवाली कुठे बसणार? पानिपतला गेलेल्या सदाशिवराव भाऊसाहेबांबरोबर मात्र त्यांची बायको पार्वतीबाई होत्या, आणि त्यांच्या मागे बुणग्यांची अख्खी वस्ती चालत होती. मार्च 1760 मध्ये मराठवाड्यातलं परतूर सोडलं ते 14 जानेवारी 1761 ला पानिपत. दहा महिने. एवढ्या वेळात बाईच्या अंगावरचं एक लुगडं किती कामं करत असेल, हे मला कळून घ्यायचंय.

कापड बेळगावच्या वडगावातल्या एका विणकराकडून घेतलं. साधं सुती, नऊ वार, म्हणजे अठरा हात. काठ बारीक, जरीचा धागाही नाही. दुकानातली झगझगीत राणी किंवा जांभळी नऊवारी घेऊ नका, हे परत सांगते. ते रासायनिक रंग 1856 नंतरचे. त्याआधी लाल हवा तर मंजिष्ठ किंवा आल या झाडांची मुळं, निळा हवा तर नीळ.

मी मंजिष्ठ धरली. आधी रिठ्याच्या पाण्यात खळ काढली, मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवलं. सकाळी छान फिकट पिवळं. वाळवलं, तुरटीचं पाणी दिलं. मग माती खाल्ली. नऊ वार मावेल एवढं भांडं घरात नव्हतं म्हणून शेजारून गुळाची जुनी लोखंडी काहील आणली. हिरडा आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, हे मला पाठ आहे, तरी! अर्ध्या तासात लाल राहिला बाजूला, कापड करवंदासारखं काळपट झालं. आज्जी परसात आली, वाकून बघितली आणि म्हणाली, "काय करालीस गं? दुखवट्याला जायचंय काय?"

दोन दिवस रुसून बसले. मग वाटलं, बैलाच्या मागून धुळीत चालणाऱ्या, शेणी गोळा करणाऱ्या बाईला हाच रंग सोयीचा. ठेवला तसाच. तुम्ही करणार असाल तर तांब्याचं किंवा स्टीलचं भांडं घ्या आणि पाणी खळखळ उकळू देऊ नका, मंजिष्ठ तपकिरीकडे जाते.

चोळीचा खण गुळेदगुड्डचा. हूक नाही, बटण नाही, पुढे गाठ. हातानेच शिवतेय: धावदोरा, आणि ताण येतो तिथे उलटी टीप. काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवावा लागतो. तो नसला तर हात डोक्यावर जात नाही, आणि जिने डोक्यावर ओझं घ्यायचं तिला तो हवाच. डावी बाजू मी तीनदा उसवली.

गेल्या रविवारी जुनाच ब्लाउज घालून, पण लुगडं नीट कासोटा घालून, येळ्ळुरातून राजहंसगडावर चढले. पिना नाहीत (सेफ्टी पिन 1849 ची), आत परकर नाही. ओच्यात दोन किलो ज्वारी, डोक्यावर बोचकं. पायात अथणीच्या वहाणा, कारण खड्यांवर अनवाणी चालायची माझी तयारी नाही.

पहिल्या चढाला कासोटा सुटला. घोट्यापर्यंत नेसले होते, तीच चूक. लग्नाकार्यातलं नेसणं ते. आज्जी पोटरीच्या मध्यावर नेसायची, शेतात जाताना. तसं वर घेऊन नेसले आणि गडापर्यंत परत हात लावावा लागला नाही. ओच्यातली ज्वारी पोटाशी घट्ट राहते, दोन्ही हात मोकळे. पदराचा मोकळा भाग एवढा उरतो की त्यात पोर पाठीशी बांधता येईल. मी कलिंगड बांधून पाहिलं. गडावर एका कुटुंबाने फोटो मागितला आणि कुठल्या सिरियलचं शूटिंग आहे विचारलं.

घामाने रंग थोडा सुटलाय. पाठीवर ब्लाउजला करडा डाग पडलाय.

आता राहिलं घोंगडं. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, काळं, हातमागाचं हवंय. उत्तरेतल्या थंडीत या बायांकडे ऊब म्हणून दुसरं काय असणार? चिकोडीकडे एका विणकराला विचारलंय. तो म्हणाला, विणून देतो, पण लांबी नीट सांगा, अंथरायला की पांघरायला? मी म्हटलं, दोन्ही, आणि पावसात डोक्यावर खोळ करायलाही. मग वही काढून तो माप लिहायला बसला.