तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या गावचं सिनेमाशी नातं

मडगावजवळचं गाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग तुमच्याकडे कुठल्या सिनेमांचं शूटिंग झालं?" झालं असेल. पण आमचं सिनेमाशी खरं नातं दिसत नाही, ऐकू येतं.

१९५०-६० च्या दशकांतलं एखादं हिंदी गाणं लावा आणि गायक थांबल्यावर काय वाजतं तिकडे कान द्या. व्हायोलिनांचा तो ताफा, मधूनच उसळणारा ट्रम्पेट. ते वाजवणारे कितीतरी जण गोव्याच्या सासष्टी-बार्देश तालुक्यांतल्या खेड्यांतले. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी शिकवत, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, व्हायोलिन वाजवायला उभं करत. गावात पोट भरेना, तेव्हा ही पोरं मुंबईला गेली. गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या खोल्या होत्या, त्यांना आम्ही 'कूड' म्हणतो. धोबी तलावच्या आसपास त्या कुडींत ती राहिली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी आणि अरेंजर ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून देई. शंकर-जयकिशनांसाठी हे काम सेबास्टियन डिसोझांनी वर्षानुवर्षं केलं. सगळे एकदम वाजवत. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर सगळ्यांना ठाऊक आहेत, फक्त माणूस म्हणून नव्हे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गुरूचं ते नाव त्यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात आणलं आणि देश त्यावर नाचला. याच गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचनांसाठी मोठा वाद्यवृंद उभा केला होता, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. हे किती जणांना माहीत आहे? मला याचं फार वाईट वाटतं.

आमच्या शेजारचे अंकल अशाच वादकांपैकी. त्यांच्याकडे पेन्सिलीनं लिहिलेला एक पिवळा कागद होता. वर 'दुसरं व्हायोलिन' एवढंच. ना सिनेमाचं नाव, ना त्यांचं. तबकडीवरही त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही. रेडिओवर ते गाणं लागलं की गायकाच्या ओळी होईपर्यंत ते स्वस्थ बसत. मधलं संगीत सुरू झालं की डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागत. मग त्यांची मुलगी आम्हाला हळूच कोंकणीत सांगे, "पळय, पप्पा वाजयता" (बघ, पप्पा वाजवताहेत), आणि गाणं संपेपर्यंत घरात कुणी बोलत नसे.