नकाशावरचा तो एक ठिपका

कॅलिफोर्नियातून आलेली ईमेल अगदी छोटी होती. 'वेस्टर्न स्पेडफूट' नावाचा टोड (बेडकाचाच एक प्रकार) नेमका कुठे कुठे सापडतो, याचा नकाशा तिथली एक संशोधक तयार करत होती. त्यातला एक ठिपका पार ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात पडत होता आणि त्या नोंदीला आमच्या संग्रहाचा क्रमांक होता. बरणी उघडून एकदा बघाल का, एवढंच तिने विचारलं होतं.

मी ॲरिझोनातल्या एका विद्यापीठाच्या उभयचर आणि सरीसृपांच्या संग्रहात काम करते. बरण्यांतल्या अल्कोहोलची पातळी बघायची, झिजलेली झाकणं बदलायची, जुन्या हस्ताक्षरातली लेबलं वाचून नोंदी तपासायच्या, हे रोजचं काम. असल्या बहुतेक चौकश्या चहा संपायच्या आत मार्गी लागतात. हिच्यापायी अख्खा दिवस गेला, आणि तो सार्थकी लागला असं मला आजही वाटतं.

कारण तो ठिपका किरकोळ नव्हता. वेस्टर्न स्पेडफूट, म्हणजे शास्त्रीय नावाने स्पिया हॅमंडाय, राहतो फक्त कॅलिफोर्नियात आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात. पावसाच्या ज्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो, त्यांतली बरीचशी घरांखाली आणि शेतांखाली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने त्याला संकटग्रस्त ठरवून कायद्याचं संरक्षण द्यायचा प्रस्ताव मांडला. अशा जीवाच्या नावावर शेकडो मैल पूर्वेला एक ठिपका पडला, की कागदावर त्याचा मुलूख ऐसपैस दिसू लागतो. आणि निर्णय घेणारे कागदच बघतात.

बरणी खालच्या फळीवर होती. फळीवर अजूनही 'पेलोबॅटिडी' हे जुन्या कुळाचं नाव. आतला द्रव चहासारखा पिवळसर झालेला. लेबल चिंध्यांपासून केलेल्या जाड कागदाचं, काळ्या शाईचं, अक्षर सुरेख: स्कॅफिओपस हॅमंडाय, कोचीस काउंटी, सॅन सिमोन खोरं, रस्त्याकडेचं डबकं, रात्री, वादळी पावसानंतर. साल पन्नाशीच्या दशकातलं. प्रत्येक टोडच्या गुडघ्याखाली दोऱ्याने बांधलेली क्रमांकाची चिठ्ठी.

आता हे लेबल चुकीचं आहे का? मुळीच नाही. ज्याने लिहिलं, त्याने त्या काळाप्रमाणे बरोबरच लिहिलं. नाव खाली राहिलं आणि त्याचा अर्थ वरून बदलत गेला.

अमेरिकी प्राणीशास्त्रज्ञ स्पेन्सर बेअर्ड यांनी १८५९ मध्ये ही जात वर्णन केली ती कॅलिफोर्नियातल्या फोर्ट रीडिंगच्या नमुन्यावरून, आणि हॅमंड या लष्करी डॉक्टरचं नाव तिला दिलं. पुढे कित्येक वर्षं कॅलिफोर्नियापासून ॲरिझोना-न्यू मेक्सिकोपर्यंतचे सगळे सारखे दिसणारे स्पेडफूट याच नावाखाली मोडत. १९७६ मध्ये हर्बर्ट ब्राउन यांनी कॅलिफोर्नियातले आणि ॲरिझोनातले प्राणी नीट ताडून पाहिले आणि ते एक नव्हेत असं दाखवलं. एका नावाचे दोन वाटे झाले, तर मूळ नाव कोणाकडे जाणार? जिथला मूळ नमुना, तिथल्या जातीकडे. म्हणून 'हॅमंडाय' कॅलिफोर्नियाकडे राहिलं. ॲरिझोनाच्या वाट्याला नवं नाव शोधावं लागलं नाही, कारण एडवर्ड कोप यांनी १८६३ मध्ये मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या नमुन्यावरून दिलेलं 'मल्टिप्लिकाटस' तयार होतं. नियम असा की लागू पडणारं जुनं नाव असताना नवं पाडायचं नाही.

आपल्याकडेही हे घडलं आहे. मागच्या पायांनी माती उकरत पाठमोरे जमिनीत शिरणारे स्फेरोथेका बेडूक वर्षानुवर्षं सरसकट 'ब्रेव्हिसेप्स' म्हणून नोंदले जात. २०१७ मध्ये पश्चिम भारतातल्या एका जातीला 'स्फेरोथेका पश्चिमा' हे स्वतःचं नाव मिळालं. त्याआधीच्या किती बरण्यांवर जुनं नाव असेल, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात सारखा येत होता.

आमच्या नोंदीचं काय झालं होतं ते संगणकात लगेच दिसलं. मध्यंतरी कधीतरी सगळ्या नोंदींतली वंशांची नावं एका फटक्यात अद्ययावत केली गेली होती. स्पिया हा वेगळा वंश मानला जाऊ लागल्यावर 'स्कॅफिओपस'च्या जागी 'स्पिया' आलं, पण पुढचं 'हॅमंडाय' तसंच राहिलं. अर्धी सुधारणा झाली आणि कॅलिफोर्नियाचा टोड ॲरिझोनात जाऊन बसला.

एवढं कळल्यावर नाव बदलून मोकळं होता आलं असतं. पण संग्रहात हातात घेऊन पाहिल्याशिवाय नाव बदलायचं नाही, अशी आमच्या क्युरेटर बाईंची शिस्त आहे आणि ती मला मनापासून पटते. मी सगळे नमुने ट्रेमध्ये काढले.

स्पेडफूटची खूण त्याच्या मागच्या तळपायावर असते: काळी, कडक, नखाच्या द्रव्याची कड. त्या कडेने माती मागे लोटत तो गोल फिरत खाली उतरतो आणि वर्षातले बरेच महिने जमिनीखालीच काढतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाय ठेवला. स्पियाची कड आखूड, पाचरीसारखी. पहिले काही टोड तसेच निघाले. मग एक पाय आला ज्याची कड लांबट होती, विळ्यासारखी वळलेली. हा स्पिया नव्हेच. हा काउचचा स्पेडफूट, स्कॅफिओपस काउचाय. डॅरियस काउच हा अमेरिकी लष्करातला अधिकारी रजा काढून १८५३ मध्ये उत्तर मेक्सिकोत नमुने गोळा करायला गेला होता. बेअर्ड यांनी त्याच्या टोडला १८५४ मध्ये त्याचं नाव दिलं. पुढे तो यादवी युद्धात सेनापती झाला. एकाच रात्री, एकाच डबक्यातून उचललेले म्हणून हे सगळे एका बरणीत गेले असणार. जुलैच्या पावसात तिथे गेलं की ते पटतं: काउचचा नर शेळीसारखा बेंबटत असतो आणि शेजारीच स्पियाची करकर चालू असते.

खरा पेच शेवटच्या नमुन्याने घातला. कड पाचरीसारखी, म्हणजे स्पिया. पण डोळ्यांच्या मध्ये सुईचं बोथट टोक फिरवलं तर खाली काहीतरी लागलं. तिथे हाडाचा ठळक उंचवटा असणं ही प्लेन्स स्पेडफूटची, स्पिया बॉम्बिफ्रॉन्सची ओळख. मल्टिप्लिकाटाचं कपाळ सपाट असतं. हा उंचवटा होता, पण ठळक नव्हता. क्युरेटर बाईंना बोलावलं. त्यांनी बराच वेळ सुई फिरवली आणि म्हणाल्या, "संकर असावा."

त्या खोऱ्यात या दोन जातींचा संकर होतो. त्यावर २००७ मध्ये कॅरिन फेनिग यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डबकं उथळ असेल, लवकर आटणार असेल, तर बॉम्बिफ्रॉन्सच्या माद्या परक्या जातीचा, मल्टिप्लिकाटाचा नर पसंत करतात. संकराची पिल्लं लवकर मोठी होतात आणि पाणी संपायच्या आत बाहेर पडतात. त्यांतले नर पुढे वांझ निघतात, तरी डबक्यात सुकून मरण्यापेक्षा ते बरं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते, आणि आता तसलाच एक जीव बहुधा माझ्या समोर ट्रेमध्ये होता. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता संकराला संकर म्हणून नाव देत नाही.

"मल्टिप्लिकाटा लिहून प्रश्नचिन्ह टाकू का?" मी विचारलं.

"नको. प्रश्नचिन्ह संगणकात गळून पडतं. 'स्पिया, जात अनिश्चित' लिही आणि उंचवट्याचं वर्णन शेऱ्यात टाक."

दुपारभर नवी लेबलं लिहिली. 'स्पिया मल्टिप्लिकाटा (कोप, १८६३)'. वंश बदलल्यामुळे कोप यांचं नाव कंसात, आणि शेवट स्त्रीलिंगी. 'स्कॅफिओपस काउचाय बेअर्ड, १८५४'. याचा वंश पहिल्यापासून तोच, म्हणून कंस नाही. खाली कोणी ओळखलं, कधी ओळखलं. एका बरणीच्या तीन झाल्या. जुनं लेबल मल्टिप्लिकाटाच्या बरणीत जसंच्या तसं परत घातलं आणि उरलेल्या दोन्हींत त्याची नक्कल. जुनं लेबल आम्ही कधीच काढत नाही. फळीवरची कुळाची पाटीही त्याच दिवशी बदलली. २००३ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून दिसलं होतं की युरोपातले पेलोबॅटिस वंशाचे बेडूक हे अमेरिकी स्पेडफूटपेक्षा आपल्या ईशान्य भारतात आढळणाऱ्या मेगोफ्रायिडी कुळातल्या बेडकांना जवळचे आहेत. तेव्हापासून अमेरिकेतल्या सातही जाती स्कॅफिओपोडिडी या वेगळ्या कुळात गणल्या जातात.

संध्याकाळी फोटोंसकट उत्तर पाठवलं. कॅलिफोर्नियातल्या त्या संशोधकाचं उलट उत्तर रात्रीच आलं. ठिपका तिने काढला होता. उंचवट्याचा नमुना काही महिने उसना मिळेल का, असंही विचारलं होतं. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढणं अवघड, पण तिचे एक सहकारी तो प्रयत्न करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी उसनवारीचा अर्ज भरला.