वॉल-ई, मो आणि आमची आई

स्पेसवाल्या कार्टून पिक्चरमध्ये मला स्पेसचं फारसं कौतुक नसतं खरं सांगायचं तर, लेझर गन, कुठलातरी हिरवा राजा आणि जग वाचवणारा पोरगा, तेच ते. पण अँड्र्यू स्टँटनचा २००८ चा वॉल-ई मी कधीही लावा, बसतो बघायला. हिरो कोण तर सफाई कामगार रोबो! माणसं पृथ्वीवर कचरा करून यानात बसून निघून गेलीत आणि हा ७०० वर्षं तो दाबून दाबून ठोकळे रचतोय. भाच्याचा पहिला प्रश्न, मामा याला पगार कोण देतं?

मग त्या कचऱ्यात एक रोपटं उगवतं आणि वॉल-ई ते जुन्या बुटात लावतो. आम्हा नवी मुंबईतल्या कोपरखैरणेकरांना यात नवल नाही हो, आमचं निसर्ग उद्यानच जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभंय. हे भाच्याला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी तिथे गडी चवड्यांवर चालत होता.

सुरुवातीचा बराच वेळ पिक्चरमध्ये डायलॉगच जवळजवळ नाहीत, म्हणून आईपण बसली, एरवी इंग्लिश पिक्चर लागला की तिला लगेच कुकर आठवतो. वॉल-ईचा आवाज बेन बर्टचा, स्टार वॉर्समधल्या आर-टू-डी-टूचे आवाजही त्याचेच, नुसत्या टूंटूं-कुंईवर राग लोभ सगळं कळतं. पुढे वॉल-ई फायर एक्स्टिंग्विशर घेऊन अंतराळात गिरक्या घेतो ना, ते सायन्सनेही बरोबर आहे, फवारा मागे गेला की हा पुढे, रॉकेटचंही तेच तत्त्व. आता पोकळीत फुस्स आवाज कसा येतो ते विचारू नका, तेवढं माफ.

पण माझा लाडका मो. यानातला पिटुकला सफाई रोबो, त्याला कुठे घाण दिसली की चैन पडत नाही, वॉल-ईच्या चाकांचे डाग पुसत पुसत तो मागे मागे पळतो, डिट्टो आमची आई, पाहुणे अजून चपला काढतायत तोवर ही फडकं घेऊन हजर. मोला जमिनीवर आखलेल्या रेघेवरूनच चालायची ऑर्डर असते, पण डाग रेघेबाहेर पडलाय म्हटल्यावर तो जरा घुटमळतो, इकडे तिकडे बघतो आणि मारतो उडी! माणसं वाचवण्याच्या सगळ्या धावपळीपेक्षा मला ती उडी मोठी वाटते.

यानातली माणसं मात्र खुर्चीतच, डोळ्यांपुढे स्क्रीन, हातात ग्लास, चालायचंच विसरलेली. शेवटी पृथ्वीवर उतरल्यावर कॅप्टन पोरांना सांगतो, आता आपण भाज्या लावू, पिझ्झाचीही झाडं लावू. भाचा खूश. आईचं माहेर शेतकऱ्याचं, ती एवढंच म्हणाली, "लावतील रे, पण खुरपायला कोण बसणार? वाकता तरी येतंय का यांना!"