ब्रँटफर्डचं मागचं अंगण

फेब्रुवारीत कॅनडाला कुणी जातं का, असं आई निघेपर्यंत बडबडत होती. मिसिसागात दादाकडे उतरले तेव्हा तिचं म्हणणं पटलं. पण माझी भाची त्या गारठ्यात पहाटे साडेपाचला आइस हॉकी खेळायला निघायची. नऊ वर्षांची पोर, तिच्याहून मोठी बॅग आणि जर्सीवर ९९ आकडा.

"आत्या, तुला वेन ग्रेट्झकी माहीत नाही?" तिने असं विचारलं की मीच ओशाळले. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, त्याला मी काय करू!

रविवारी आम्ही त्याच्या गावाला, ब्रँटफर्डला निघालो. गाडीत दादाची कथा सुरू. "त्यांचा ब्रॅडमनच समज. त्याची सरासरी ९९.९४, याचा शर्ट ९९!" ग्रेट्झकीचे गोल ८९४. तो विक्रम २०२५च्या एप्रिलमध्ये ओव्हेचकिन या रशियन खेळाडूने मोडला. पण गोलाला एक गुण आणि गोल करून देणाऱ्या पासलाही एक, असा इथला हिशोब, आणि याचे नुसते पासच १९६३. एनएचएल या इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचे गोल आणि पास मिळूनही तेवढे होत नाहीत. मला हा आकडा गोलांपेक्षा आवडला. दुसऱ्याच्या ताटात वाढणारा माणूस!

गावात शिरणाऱ्या रस्त्यालाच त्याचं नाव आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचंही हेच गाव, आणि वेनचे वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीतच नोकरीला होते. हिवाळ्यात ते मागच्या अंगणात पाणी फवारून बर्फ करायचे आणि त्यावर डबे मांडून पोराला मधून स्केटिंग करायला लावायचे. टीव्हीवर सामना लागला की लहानगा वेन कागदावर मैदान काढून, मान खाली न घालता, पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, जाईल तशी पेन्सिल फिरवायचा. रेघा जिथे दाट, तिथे पक जास्त. बर्फावर तो आधीच तिथे हजर असे, त्याचं मूळ या कागदात असावं.

दहाव्या वर्षी एका मोसमात ३७८ गोल केले त्याने. गावाने डोक्यावर घेतलं असेल म्हणता? इतर मुलांचे आईबाप त्याची हुर्यो उडवायचे. चौदाव्या वर्षी त्याने गाव सोडून टोरांटो गाठलं. हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत राहिले. आपल्याकडच्या गल्लीतही हेच झालं असतं.

पुढे एडमंटनच्या संघाला त्या लीगचा विजेतेपदाचा चषक, स्टॅनली कप, चार वेळा जिंकून दिला, आणि १९८८मध्ये त्याच संघाने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. पत्रकारांसमोर तो रडला. सरकारने हा सौदा थांबवावा, अशी मागणी एका खासदाराने केली होती.

वॉल्टर २०२१मध्ये गेले. ते होते तोवर लोक थेट दार वाजवत आणि ते तळघरातले चषक हौसेने दाखवत. आम्ही मात्र त्या गल्लीत वळलो नाही. कुणाच्या दारात उगाच काय उभं राहायचं? ग्रँड नदीच्या काठी थर्मासमधला चहा प्यायलो आणि परतलो.

रात्री पारा उणे अकरा. दादाला हुक्की आली. बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद, म्हणून स्वयंपाकघरातून बादल्या भरभरून आम्ही अंगणात ओतत होतो, भाची टॉर्च धरून उभी.

आतून वहिनी ओरडली, "फरशी कोण पुसणार आहे?"