२,९९० पौंडांच्या ट्रेलरवर गाडी चढवायची असेल तर

अमेरिकेतल्या उपनगरांत घरोघरी एक उघडा ट्रेलर उभा दिसतो. साडेसहा फूट रुंद, बारा फूट लांब, लोखंडी चौकट, खाली फळ्या, मागे जाळीचं फाटक आणि मधोमध दोन चाकं जोडणारा एकच अ‍ॅक्सल. पिकअपच्या मागे जोडायचा आणि माती, फर्निचर, गवत कापायचं यंत्र जे हवं ते न्यायचं. मग कधीतरी बंद पडलेली कार किंवा छोटा ट्रॅक्टर हलवायची वेळ येते. फळ्यांवर गाडीची चारही चाकं मापात बसतात, म्हणून लोक ती चढवतात. चूक होते ती तिथेच. ट्रेलर किती वजन पेलेल, ते त्याच्या मापावरून कळत नाही.

आधी डाव्या अंगाला पुढच्या अर्ध्या भागात रिव्हेट केलेली पाटी वाचा. ट्रेलर आणि माल मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, प्रत्येक अ‍ॅक्सलची क्षमता किती, टायरचं माप आणि हवेचा दाब किती, हे सगळं तिच्यावर असतं. एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर बहुधा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ किलो लिहिलेलं दिसेल. खालचा अ‍ॅक्सल मात्र ३,५०० पौंडांचा असतो. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. ते बसवायला लागू नयेत म्हणून कारखाना आकडा दहा पौंडांनी खाली ठेवतो. ट्रेलरचं स्वतःचं वजन १,१०० पौंड धरलं, तर मालासाठी उरले १,८९० पौंड. इथली साधी मध्यम सेडान ३,३०० पौंडांच्या आसपास भरते. म्हणजे ती चढवता क्षणी ट्रेलर १,४०० पौंडांनी जास्त लादला गेला, आणि तोही बिनब्रेकचा.

दुसरा अ‍ॅक्सल बसवला की क्षमता दुप्पट, हा समज फार पसरलेला आहे. अ‍ॅक्सल, स्प्रिंगचे पाटे, टायर, रिम, ट्रेलरच्या टोकाचा कपलर, तो ज्यावर बसतो तो पिकअपमागच्या हिचचा म्हणजे जोडणीचा गोळा, तो गोळा धरणारा दांडा, दांडा घुसवायची पिकअपखालची नळी म्हणजे रिसीव्हर आणि मुख्य चौकट, यांतला सगळ्यात कमजोर भाग जेवढं पेलतो तेवढीच ट्रेलरची ताकद. शिवाय पाटीवरचा आकडा वेल्डिंग केल्याने बदलत नाही. बदल केलेल्या ट्रेलरची तपासणी आणि नव्याने नोंदणी कशी करायची, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कापाकापीला हात घालण्याआधी आपल्या राज्याच्या वाहन खात्यात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

आमचं मत स्पष्ट आहे. चौकट नुसत्या अँगलची, म्हणजे एल आकाराच्या लोखंडी पट्टीची, असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. अशा हलक्या ट्रेलरमध्ये बाजूचा वरचा कठडाही कैचीसारखा भार पेलत असतो. गाडीचं दार उघडता यावं म्हणून तो कापला, की चौकट मधून वाकते. तो ट्रेलर विकून ७,००० पौंडांचा, दोन अ‍ॅक्सलचा गाडी वाहायचा ट्रेलर घ्यावा. चौकट चार-पाच इंची चॅनेलची, म्हणजे इंग्रजी सी आकाराच्या पट्टीची, असेल आणि पुढचा त्रिकोणी दांडाही चॅनेलचाच, पहिल्या आडव्या पट्टीखालून मागेपर्यंत गेलेला असेल, तर मात्र हे काम करण्याजोगं आहे.

मग ३,५०० पौंडांचे दोन अ‍ॅक्सल घ्यावेत, दोन्हींना ब्रेक असलेले. जुन्याला ब्रेक बसवायची फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चकती, असेल तर तो ठेवता येतो. नसेल तर फ्लँज वेल्ड करण्याच्या खटपटीपेक्षा नवा अ‍ॅक्सल बरा, कारण फ्लँज जराशी तिरकी बसली तरी ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे पट्टे, एका कडेनेच घासतात. मागवताना दोन मापं द्यायची: एका हबच्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर, आणि दोन पाट्यांच्या मध्यांमधलं अंतर. बाहेरच्या टायरपर्यंत एकूण रुंदी १०२ इंचांच्या आत राहिली पाहिजे. जोड-अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना डोळे असलेले पाटे लागतात. पुढच्या आणि मागच्या पाट्याच्या मध्ये इक्वलायझर असतो, तो एका चाकाखालचा खड्डा दोघांत वाटून घेतो. त्याच्या बोल्टवर स्वस्त संचात प्लास्टिकचे बुश येतात आणि ते लवकर झिजतात. ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि पितळी बुश पहिल्याच वेळी बसवावेत. नंतर हेच काम करायला सगळं पुन्हा खोलावं लागतं.

अ‍ॅक्सल कुठे बसवायचे, हा प्रश्न बैलगाडी पाहिलेल्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. ट्रेलरचं तसंच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर आलं पाहिजे. त्याहून कमी आलं तर ताशी ५५ मैलांच्या पुढे ट्रेलरची शेपटी डोलायला लागते आणि तो पिकअपलाच फिरवतो. जास्त आलं तर पिकअपची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणून फळ्यांची लांबी पुढून मोजली तर साधारण ६० टक्क्यांवर दोन अ‍ॅक्सलच्या मधला बिंदू, म्हणजे इक्वलायझर, यायला हवा.

सुधारलेला ट्रेलर १,६०० पौंडांचा आणि गाडी ३,३०० पौंडांची, म्हणजे एकूण ४,९००. हिचवर ४९० ते ७३५ पौंड यायला हवेत. कपलरपासून इक्वलायझरपर्यंत १४४ इंच असतील तर गाडी सहा इंच पुढे घेतल्यावर हिचवरचा भार ३,३०० गुणिले ६ भागिले १४४, म्हणजे सुमारे १३७ पौंडांनी वाढतो. गाडी कुठे थांबवायची याला एवढं महत्त्व आहे.

वेल्डिंगपूर्वी कपलरच्या मध्यापासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावा. दोन मापांत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर ट्रेलर तिरका ओढला जातो आणि टायर काही शे मैलांत घासून जातात. मग पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना समांतर करा. वेल्डिंगची अर्थ केबल चाकाला किंवा हबला कधीही लावू नये. करंट बेअरिंगमधून गेला की रोलरवर बारीक खड्डे पडतात आणि ते बेअरिंग पुढे रस्त्यात दगा देतं. अ‍ॅक्सलच्या नळीवर मधोमध वेल्डिंग नको, आणि मुख्य चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत भोकंही नकोत; सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. भोक पाडायचंच असेल तर उभ्या भागाच्या मध्यावर पाडा.

या कामात सर्वांत जास्त गोंधळ ब्रेकमध्ये होतो. ३,५०० पौंडांच्या अ‍ॅक्सलला १० इंच व्यासाचे आणि सव्वादोन इंच रुंदीचे विजेवर चालणारे ड्रम ब्रेक येतात. डावं आणि उजवं युनिट वेगळं असतं. आखूड शू ट्रेलरच्या पुढच्या बाजूला आला पाहिजे. अदलाबदल झाली तर ब्रेक लागतात, पण अर्धवट, आणि दोष सापडता सापडत नाही. ब्रेक चालवणाऱ्या प्रत्येक विद्युतचुंबकाला, म्हणजे मॅग्नेटला, दोन तारा असतात, त्यांत धन-ऋण असा भेद नाही: एक ब्रेकच्या निळ्या फीड तारेला, दुसरी अर्थला. प्रत्येक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे चारांचे १२. निळ्या तारेत अँमीटर लावून पूर्ण ब्रेक दिल्यावर काटा ९ वरच थांबला, तर एक मॅग्नेट बंद आहे असं समजावं.

मुख्य तार १० गेजची घ्यावी. अर्थ पिकअपपर्यंत तारेनेच न्यायचा. गोळा आणि कपलरच्या गंजलेल्या, ग्रीस लागलेल्या सांध्यावर तो सोडू नये. दिवे लुकलुकतात, ब्रेक कधी लागतात कधी नाही, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. तारेची साल न काढता दाबून बसवायचे क्लिप टाळा. मिठाच्या रस्त्यावर पहिल्याच हिवाळ्यात ते हिरवे पडतात. चार पिनांचा चपटा प्लग काढून सात पिनांचा गोल प्लग लावावा लागतो, आणि पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर हवा. ठरलेल्या वेळात ब्रेक वाढवत नेणाऱ्या कंट्रोलरपेक्षा, पिकअप किती जोरात थांबतोय ते ओळखून तेवढाच ब्रेक देणारा घ्यावा.

ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच आणि छोटी बॅटरी याच वेळी बसवून टाका. व्यावसायिक वाहनांच्या फेडरल नियमात हे ब्रेक निदान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत असं आहे. स्विचची दोरी पिकअपच्या चौकटीला अडकवायची. सुरक्षा साखळीला किंवा गोळ्याला अडकवली तर ऐन वेळी तिचा उपयोग नाही. साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींवरून घ्याव्यात, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा त्यांच्या झोळीत पडतो.

ड्रम बसवताना आतलं बेअरिंग एल६८१४९ आणि बाहेरचं एल४४६४९, हे या मापाच्या अ‍ॅक्सलचे नेहमीचे नंबर. सुटे संच कायम ट्रेलरवर ठेवावेत. ड्रम फिरवत नट घट्ट करायचा, मग सैल सोडायचा, पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवायचा आणि स्प्लिट पिन घालायची. घट्ट ठेवलेलं बेअरिंग तापून जळतं. मधल्या निपलमधून ग्रीस पंप करताना चाक फिरवत राहा आणि जोर करू नका, नाहीतर सील ढकललं जाऊन ग्रीस शूवर उतरतं. ग्रीस प्यालेला शू धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो.

टायर ट्रेलरचेच हवेत, ज्यांच्या मापाआधी एसटी अक्षरं असतात. एसटी २०५/७५ आर१५, सी भारश्रेणीचा एक टायर ५० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबावर १,८२० पौंड पेलतो. चारांचे ७,२८० होतात, म्हणजे नावापुरती शिल्लक. डी श्रेणीचा ६५ पीएसआयवर २,१५० पेलतो. तो घ्यावा, पण रिमही ६५ पीएसआयची आहे ना ते पाहून. चाकांचे नट टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने, एकाआड एक घट्ट करायचे, आणि १०, २५, ५० मैलांवर पुन्हा तपासायचे. नवीन रिम बसताना नट सैल होतातच.

कपलर आणि गोळा दोन्हींवर क्षमतेचे आकडे कोरलेले असतात, तेही वाचा. दोन इंची गोळाही काही ३,५०० पौंडांचा असतो, काही ८,००० चा.

मूळ ट्रेलरमध्ये आडवे अँगल २४ इंचांवर असतात. गाडीचा भार चार तळहाताएवढ्या जागांवरच येतो, म्हणून मधे भर घालून ते १६ इंचांवर आणावेत. प्रक्रिया केलेल्या लाकडातलं तांबं उघडं लोखंड खातं. म्हणून आधी वेल्डिंग, मग प्राइमर आणि रंग, आणि शेवटी फळ्या. ओल्या फळ्या एकमेकींना चिकटवून बसवाव्यात, त्या वाळल्यावर फट आपोआप पडते.

बांधण्यासाठी अर्धा इंची डी-कडी फळीला नव्हे, चौकटीला वेल्ड करायची. दोन इंची रॅचेट पट्ट्याची कामाची मर्यादा ३,३३३ पौंड. पट्ट्यावर ठळक छापलेले १०,००० पौंड हे तुटण्याचे. ५/१६ इंची ग्रेड ७० साखळीची मर्यादा ४,७०० पौंड. नियमाने कारला निदान दोन बंध पुरतात, एक पुढे एक मागे. आम्ही चार बांधायला सांगतो, चारही चाकांवरून. ट्रॅक्टरला साखळीच, आणि पुढचं बकेट खाली टेकवून तेही वेगळं बांधायचं.

रॅम्पबरोबर मागे दोन टेकूही हवेत. गाडीची पुढची चाकं मागच्या कडेवर आली की ट्रेलर उलाळ होतो आणि पिकअपची मागची चाकं उचलली जातात. हँडब्रेक बहुधा त्याच चाकांवर असतो. उतारावर असाल तर सगळं लटांबर घरंगळतं.

पहिल्या फेरीआधी ब्रेक जिरवून घ्यावे लागतात: ताशी ४० मैलांवरून २० वर, वीस ते तीस वेळा, मधे थंड होऊ देऊन. २०० मैलांनंतर शू पुन्हा जवळ घ्या. मग भरलेला ट्रेलर ट्रक-स्टॉपच्या वजनकाट्यावर न्या. आधी पिकअप काट्याच्या एका फळीवर आणि ट्रेलरची चाकं दुसरीवर असं जोडलेलं वजन घ्या, मग ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपचं. पिकअपच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हिचवरचा भार. तो ४९० ते ७३५ मध्ये बसला, की गाडीचं पुढचं चाक जिथे उभं आहे तिथे ट्रेलरच्या फळीवर रंगाने रेघ मारून ठेवा.