सोळा बेस मोठे की दहा?

१९ सप्टेंबर २०२४, मायामी. बेसबॉलची मॅच, तिसऱ्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या शोहेई ओहतानीने बॉल मारला, दोन रन आले, हा सेकंड बेसवर आरामात थांबू शकत होता पण थांबला नाही, सरळ थर्डकडे सुटला, थ्रो आला आणि आऊट. त्या क्षणी फार कुणाला काही वाटलं नसेल. पण त्याचा दिवस संपला तो ६ पैकी ६ हिट्स (बेस मिळवून देणारे फटके), ३ होमरन, १० आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन) आणि २ स्टील्सवर (फटक्याशिवाय पळून मिळवलेले बेस), इतिहासात पहिल्यांदा ५० होमरन आणि ५० स्टील्सचा सीझन झाला, डॉजर्स २०-४ ने जिंकले. आणि मी काय करत होते तर मनातल्या मनात त्या थर्ड बेसपाशी परत जात होते. तिथे सेफ झाला असता तर सायकल झाली असती ना!

सायकल म्हणजे एकाच मॅचमध्ये सिंगल, डबल, ट्रिपल आणि होमरन (अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चारही बेस मिळवून देणारे फटके), सगळं किमान एकेकदा. बेस मोजले तर १+२+३+४, फक्त १०. चार होमरन मारले तर १६. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, सायकल तीनशेच्या वर वेळा झालीये आणि एका मॅचमध्ये चार होमरन २०२५ चा सीझन संपेपर्यंत फक्त २१ वेळा. म्हणजे हिशोबाने बघितलं तर तुलनाच नाही, चार होमरन कितीतरी मोठे, आणि मला विचाराल तर मीही तेच सांगेन. तरी सायकलचं वेड काही कमी होत नाही. बेब रूथ आणि हँक आरोन हे होमरनचे बादशहा, पण दोघांनाही ती कधीच जमली नाही, हे फॅन्सना तोंडपाठ असतं.

मला वाटतं कारण एकच, सायकलची वाट बघता येते. सिंगल झाला, डबल झाला, होमरन झाला की आता काय उरलंय ते अख्ख्या स्टेडियमला माहीत असतं. आणि उरलेला असतो बहुतेक वेळा ट्रिपलच, कारण तो नुसत्या ताकदीने मिळत नाही. बॉल कोपऱ्यात घुसायला हवा किंवा दोन फील्डर्सच्या मधून भिंतीपर्यंत जायला हवा, आणि मग पळायचं, सेकंडला वळसा घालताना मागे न बघता कोचच्या हाताकडे बघायचं, शेवटी धुळीत स्लाइड. होमरनमध्ये बॉल गेला की संपलं, ट्रिपलमध्ये ते दहा-बारा सेकंद आपणही खुर्चीतून अर्धे उठलेले असतो.

याउलट फर्नांडो टाटिस सीनियर. २३ एप्रिल १९९९, डॉजर्सच्याच मैदानावर, कार्डिनल्सकडून खेळताना एकाच इनिंगमध्ये दोन ग्रँडस्लॅम (तिन्ही बेसवर आपले खेळाडू असताना मारलेला होमरन), तेही बॉल टाकणाऱ्या एकाच पिचरला, चान हो पार्कला. हे आजपर्यंत दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही, एकालाही नाही! पण सगळ्यात मोठा बॅटिंग रेकॉर्ड कोणता म्हटलं की किती जण टाटिसचं नाव घेतात? बहुतेकांच्या तोंडी यँकीजच्या जो डिमॅजिओचे ५६ येतात. टाटिसचं सगळं काही मिनिटांत होऊन गेलं, वाट बघायला कुणाला वेळच मिळाला नाही. डिमॅजिओने मात्र १९४१ मध्ये सलग ५६ मॅचेसमध्ये हिट मारली, म्हणजे दोन महिने लोक रोज विचारत होते, आज मारली का? १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७ हजारांवर लोक जमले होते, तिथे थर्ड बेसवरच्या केन केल्टनरने दोन जबरदस्त स्टॉप केले आणि ही सलग हिट्सची स्ट्रीक तुटली.

आता गंमत बघा, त्याच ५६ मॅचेसच्या काळात डिमॅजिओचं अ‍ॅव्हरेज (दर संधीमागे हिट्स) होतं .४०८ आणि रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सचं .४१२. विल्यम्सने सीझनही .४०६ वर संपवला, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये .४०० कुणीच गाठलेलं नाही. तरी एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, डिमॅजिओ. यँकीज पहिले आले हे कारण आहेच, पण ती स्ट्रीक नसती तर मतं अशी पडली असती असं मला नाही वाटत. विल्यम्सवर अन्याय झाला असं मी कायम म्हणत आलेय. शेवटच्या दिवशी त्याचं अ‍ॅव्हरेज .३९९५५ होतं, म्हणजे राउंड करून .४००, बाहेर बसला असता तरी चाललं असतं. तो फिलाडेल्फियात डबलहेडरच्या, म्हणजे एकाच दिवशीच्या, दोन्ही मॅचेस खेळला आणि ८ पैकी ६ हिट्स मारल्या. एवढं हातात असताना सगळं परत पणाला लावायचं, माझ्यासाठी तो दिवस ५६ च्या वर आहे.

आणि काही पराक्रमांचं तर नशीबच फुटकं. एप्रिल २०२५ मध्ये युहेनिओ सुआरेसने चार होमरन मारले आणि त्याची टीम हरली. यँकीजच्या लू गेरिगचं तर त्याहून वाईट झालं. ३ जून १९३२, फिलाडेल्फियात चार होमरन, विसाव्या शतकात अमेरिकन लीगमध्ये पहिल्यांदाच, आणि नेमका त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सच्या जॉन मॅक्ग्रॉने ३० वर्षांनंतर मॅनेजरपद सोडलं, दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या बातम्या त्याच्याच. त्यात त्याच मॅचमध्ये गेरिगचाच टीममेट टोनी लाझेरी सायकल करून बसला, तीही सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन अशी ओळीने, आणि शेवटचा होमरन ग्रँडस्लॅम. नवव्या इनिंगमध्ये गेरिगने पाचवा जवळजवळ मारलाच होता, बॉल सेंटर फील्डमध्ये खूप खोल गेला, आणि समोरच्या टीमच्या अल सिमन्सने धावत जाऊन पकडला.