पान लागून

गुरुजी आले होते ते कुणबी दाखल्यासाठी, म्हणजे जुन्या नोंदीतल्या जातीच्या रकान्यासाठी. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची नोंद हवी, आणि जितकी जुनी तितकी पडताळणीत बरी, एवढंच काम. 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी तपासायला शिंदे समिती नेमली गेली, जुन्या कागदांची शोधाशोध सुरू झाली आणि त्यांतली मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आठवड्याचं शिबिर करून दुकान मांडणारेही त्यात आले. गुरुजींचा कागद अशाच एकाने आधी वाचला होता. मोबाइलमध्ये एका ओळीचा फोटो आणि खाली देवनागरीत उतारा: नाव, कुणबी, वय 45, मरणाचे कारण 'पान लागून'.

पान लागणं म्हणजे साप चावणं. रात्रीच्या वेळी ज्याला 'जनावर' नाहीतर 'लांबडं' म्हणायचं, त्याचं नाव कागदावरही टाळायची रीत. उतारा बरोबर होता. शंका फक्त तारखेच्या आकड्याबद्दल होती, म्हणून ते माझ्याकडे आले.

"म्हणजे आमच्या घरातलं बोलणं खरंच निघालं," गुरुजी म्हणाले. बोलणं असं: शके 1840 मध्ये, म्हणजे 1918 साली, त्यांच्या पणजोबांनी खळ्यात नाग मारला. अर्धमेला नाग उलटून डसला आणि जाताना घराण्याला शाप देऊन गेला. महिना-दीड महिन्यात घरातली चार माणसं गेली. उरलं दोन वर्षांचं पोर, तेच गुरुजींचे वडील, मामाकडे वाढलेले. तेव्हापासून प्रत्येक पिढी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करते. तीन दिवसांचा विधी, कणकेचा नाग करून त्याचं दहन. मुलाला मूल नाही म्हणून पुढची तारीखही ठरली होती.

मी एका ओळीच्या फोटोवरून तारीख सांगत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, अनुस्वार कित्येकदा गाळलेला, शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं तर नाहीतच. अक्षर वाचायचं तर आधी लिहिणारा वाचावा लागतो. मी एका हाताची चार-पाच पानं घेते आणि त्यातले ठाऊक असलेले शब्द (गावाचं नाव, महिने, जाती, 'बिन', 'कोम') काढून त्या माणसाची बाराखडी वेगळ्या कागदावर मांडते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. या दोन शब्दांवर अर्धी वंशावळ उभी राहते. बाराखडी पक्की झाल्याशिवाय संशयाच्या शब्दाला हात लावायचा नाही. ज्याला घरची कथा आधी सांगितलेली असते, त्याला कागदावर तीच दिसते.

म्हणून गावाचा मूळ नमुना 14 बघायला तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलो. यालाच कोतवाल बुक म्हणतात: जन्म-मृत्यूचं गावचं रजिस्टर, त्यात जातीचा रकाना असतो म्हणून आज त्याची एवढी किंमत. कार्यालयाचं नाव घेत नाही. गठ्ठा सापडायला तिसरा हेलपाटा लागला, आणि सापडला तेव्हा दोन पानं लॅमिनेट केलेली निघाली. ज्याने केली त्याला जपणूक वाटली असेल. उष्णतेने कागद कडक होतो आणि प्लास्टिक काढायला जावं तर शाईच सोलून येते. सेलोटेपचंही तेच, दहा वर्षांत पिवळा पट्टा उरतो. फाटलेलं पान नुसतं दोन कोऱ्या कागदांत ठेवलं असतं तरी चाललं असतं. फोटो मी खिडकीशी, बाजूच्या उजेडात घेते, फ्लॅश बंद, पूर्ण पान, वरच्या छापील रकान्यांसकट. तिरप्या उजेडात फिकट शाईतही टाकाने ओढलेली रेघ दिसते.

पणजोबांची ओळ मिळाली. 29 सप्टेंबर 1918, पान लागून. साप खरा होता.

मग पान उलटलं. आधीच्या वर्षांत या गावात महिन्याला दोन-तीन मयत, बहुतेक तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ओळी दाटत गेल्या. कारणाच्या रकान्यात 'ताप', त्याखाली दोन तिरप्या रेघा, त्याखाली पुन्हा दोन रेघा, अशा पानाच्या तळापर्यंत. पुढच्या पानावर एकदा 'ताप' आणि परत रेघा. पाच आठवड्यांत 63 नोंदी. मधेच हात बदलला. आधीचा माणूस शिरोरेघ एका दमात ओढून खाली अक्षरं टांगणारा, एक सांडलेला ठिपका नाही. नवा माणूस रेघ तुकड्यातुकड्यांनी ओढतो आणि अडला की सरळ बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहितो. या सगळ्यात गुरुजींच्या घरची दोन माणसं: आजोबा, वय 24, आणि त्यांचा धाकटा भाऊ, वय 19. दोघांत नऊ दिवसांचं अंतर. दोघांसमोर रेघा.

आता 'ताप' म्हणजे काय? त्या काळच्या नोंदींत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा असे थोडेच कप्पे होते आणि ज्याचं काही कळलं नाही ते तापात जायचं. कोतवाल काही डॉक्टर नव्हे. एका 'ताप' शब्दावर रोगाचं नाव सांगणारा थापा मारतो. मी म्हणून वयाचा रकाना वेगळा काढला. 63 पैकी 38 जण 18 ते 40 मधले. हिवताप असा निवडून तरण्याताठ्यांना उचलत नाही. 1918 च्या इन्फ्लुएंझाने नेमकं तेच केलं. त्याची पहिली लाट जूनमध्ये मुंबईत आली, ती मानाने सौम्य होती. दुसरी सप्टेंबरपासून. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली, आणि तिथून ती रेल्वेने, गावी परतणाऱ्या माणसांबरोबर आत शिरली. त्यात त्या वर्षी पाऊस गेलेला, धान्य महाग. देशभरात सव्वा कोटीच्या पुढे माणसं गेली असा अंदाज आहे.

रजिस्टर विश्वासाचं आहे हे मला त्या सापानेच सांगितलं. ज्या हाताने 'पान लागून' असं वेगळं लिहिलं, त्याच हाताने दोन आठवड्यांनी 'ताप' लिहायला सुरुवात केली. त्याला फरक करता येत होता.

चौथी नोंद गावात नव्हतीच. आधीच्या वाचकाला ती सापडली असती तरच नवल. पोराची आई, वय 20. बाई सापडत नाही तेव्हा माहेर बघायचं, त्यातून ती दिवसातली असेल तर आधी तिथेच. शेजारच्या तालुक्यातलं गाव, 2 नोव्हेंबर, दिवाळीच्या तोंडावर. नवऱ्याचं नाव 'कोम' लावून, पुढे सासरचं गाव, कारण 'बाळंतपणात ताप'. त्या साथीत गरोदर बायका फार गेल्या. दोन वर्षांचं पोर तिच्याबरोबर माहेरी होतं म्हणून मामाकडे वाढलं.

हे सगळं मागितलं कुणीच नव्हतं. जातीचा रकाना पणजोबांच्या ओळीतच पुरा झाला होता. कारणाचा रकाना मोठ्याने वाचायचा का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. मी वाचला. गुरुजी ऐकून म्हणाले, "पण साप तर चावलाच ना, बाई?" मी म्हटलं, चावला. "मग?" त्यांचं चुकतंय असं मला ठामपणे म्हणता येईना. रजिस्टर मरणाचं कारण सांगतं, शापाचा रकाना त्यात नाही.

त्यांच्या थोरल्या बहिणीलाही, आक्कांना, हे ऐकायचं होतं. वय 82. छापून नेलेली पानं पलंगावर पसरली आणि मी ओळीने नावं वाचत गेले. ब्राह्मण, मराठा, कुणबी, महार, तेली, पुन्हा कुणबी, मुलाणी. अर्ध्या पानावर त्यांनी हात वर केला.

"ह्या सगळ्यांनीच नाग मारला व्हता का गं?"

गुरुजी काही बोलले नाहीत. त्र्यंबकची तारीख त्यांनी बदलली नाही, ठरल्याप्रमाणे सगळे जाऊन आले. नकलेसाठी अर्ज केला तो पणजोबांच्या एका ओळीचा, आणि काम झालं.

आक्कांनी मात्र पानं ठेवून घेतली. मला परत पहिल्यापासून वाचायला लावलं, या वेळी सावकाश. तेल्याच्या घरातली तीन नावं लागोपाठ आली तेव्हा म्हणाल्या, "थांब. बारवंजवळ पडका वाडा हाय ना, चिंचंखालचा, तो ह्यांचा. आमी लहानपणी तिथं जायाला भ्यायचो." मी पेन्सिलीने समासात लिहिलं: बारव, चिंच, पडका वाडा. पुढची ओळ वाचली.